मुख्य मूल्य

मुनाफ परकार शुक्रवारी येतात, नमाजानंतर,
वादी कबीरच्या माझ्या दुसऱ्या मजल्यावर.
चपला दाराबाहेर, हेल्मेट मात्र आत, मांडीशी.
वय सत्तेचाळीस. गाव खाडीकाठचं, दाभोळच्या अलीकडे.
एकोणीस वर्षं मस्कतात क्रेन चालवली,
आता थर्ड पार्टीची परीक्षा,
आणि पेपरात व्यस्त त्रिकोणमिती.

'व्यस्त मतलब बिझी ना?'
त्यांचा रूममेट शिवबरन जिन्यातून विचारतो.
नाही रे. व्यस्त म्हणजे उलटा फिरलेला प्रश्न.
साइन कोन घेते, गुणोत्तर देते.
ही गुणोत्तर घेते आणि विचारते,
कोन कुठला होता?
डोक्यावरचा उणे एक म्हणजे भागाकार नव्हे,
एवढं लाल शाईने लिहा, परकार.
ते लिहितात. अक्षर त्यांच्या क्रेनसारखं,
उंच, सावकाश.

बूम साठ मीटर, हुक तीस मीटर लांब.
कर्ण साठ, लगतची बाजू तीस, कोसाइन अर्धा.
मी कॅल्क्युलेटर उचलायच्या आत उत्तर: साठ अंश.
कसं कळलं?
'सीटवर बसलं की मानेला कळतं, बाई.'

बरं, हुक सत्तरवर न्या.
सत्तर भागिले साठ, आता कोसाइन व्यस्त.
कॅल्क्युलेटर एरर म्हणतो
आणि परकार पहिल्यांदाच मोठ्याने हसतात:
'बूमच पुरत नाही तिथवर,
तो बिचारा काय सांगणार!'
उणे एक ते एक, त्यापलीकडचं मागू नये,
हे मी किती पोरांकडून घोकून घेतलं.

जूनमध्ये ते सावली मोजून आणतात.
साडेबाराला साइट थांबते, त्याच्या जरा आधीची सावली.
खांब चार मीटर, सावली वीतभर: सत्त्याऐंशी अंश.
दुसऱ्या दिवशी चार बोटं: एकोणनव्वद.
'नव्वद कधी?'
भागाकार कितीही फुगवा,
टॅन व्यस्त नव्वदला टेकत नाही.
'कागदावर नसेल टेकत,' ते म्हणतात
आणि टक्कल पुसतात.

अडलं ते साइनपाशी.
बूमचं टोक तीस मीटर उंच, साइन अर्धा, कोन तीस.
पण दीडशे अंशांनाही उंची तीच.
'दीडशे?' ते पेन खाली ठेवतात.
'म्हणजे बूम केबिनवरून मागे गेलेला.'
हो.
'टोक तीस मीटरवरच, पण क्रेन उताणी.'
हो. आणि नुसत्या आकड्यावरून ते ओळखता येत नाही,
म्हणून ठरवून टाकलंय:
उणे नव्वद ते नव्वद, यातलाच एक कोन सांगायचा.
त्याला म्हणायचं मुख्य मूल्य.
दीडशेची साइन काढून उलटे फिरलात
तरी दीडशेवर परत येत नाही.
तीसवर येता.

खालच्या गल्लीत कुणी गॅसचं सिलिंडर गडगडत नेलं.
'एक साल कंपनीने चार महिने पगार दिला नव्हता,' ते म्हणाले.
'शिवबरनकडून उसने घेतले, एका पठाणाकडून घेतले.
घरी पाच तारखेला पैसे गेले. दर महिन्याला तेवढेच,
एक रुपया इकडेतिकडे नाही.'
मग वहीवर बोट ठेवून,
'आकडा बघून त्यांनी तीस धरलं.'

मला काही सुचलं नाही. मी पुढचं गणित दिलं.
साइन व्यस्त, उणे अर्धा.
'उणे तीस,' बऱ्याच वेळाने ते म्हणाले,
'पण बूम जमिनीखाली कसा जाईल?'
नियमात बसतं, मी म्हटलं.
'मग बसू दे.'
आणि त्यांनी खाली रेघ मारली,
पट्टी न घेता,
अगदी सरळ.